बोटीच्या पुढच्या काचेला काळी फिल्म लावू नका: फिरणाऱ्या मेसेजला उत्तर

गेले काही दिवस बोटवाल्यांच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: ‘स्पीडबोटीच्या पुढच्या काचेला काळी फिल्म – सहा फायदे’. माझ्या भाच्यानं तो मला पाठवला आणि खाली लिहिलं, “मामा, शनिवारी लावून घेतोय.” त्याची बोट वीस फुटी, फायबरची, मांडव्याजवळ असते. सुट्टीला बायको-मुलींना घेऊन तो थळच्या बाजूला, खांदेरी-उंदेरीपर्यंत जातो. अलिबागच्या एका कार-ॲक्सेसरीजवाल्यानं काचेचं माप घेऊनही ठेवलं होतं. भाच्याला मी फोनवर थांबवलं. पण हा मेसेज ज्यांच्यापर्यंत पोचलाय त्या सगळ्यांना मी फोन करू शकत नाही, म्हणून हे लिहितोय.

मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं. समुद्रावर मोटार वाहन कायदा नाही, म्हणून फिल्म कितीही गडद चालते. मोठ्या जहाजांच्या ब्रिजलाही, म्हणजे जिथून जहाज चालवतात त्या खोलीलाही, काळ्या काचा असतात. फिल्ममुळे पाण्याची चमक मरते आणि उलट जास्त स्पष्ट दिसतं. रात्री सर्चलाइट लावला की फिल्मनं काही फरक पडत नाही. काच मजबूत होते. आणि ऊन लागत नाही.

जहाजांचा मुद्दा आधी घेतो, कारण तो वाचून मला सगळ्यात जास्त राग आला. मी व्यापारी जहाजांवर नोकरी केली आहे, ब्रिजवर उभं राहून पहाऱ्याच्या पाळ्या केल्या आहेत. ‘मोठ्या जहाजांना काळ्या काचा असतात’ हे वाक्य ज्यानं लिहिलं, त्यानं ब्रिज आतून पाहिलेला नाही. बंदरातून बघताना ब्रिजच्या काचा काळ्या दिसतात, कारण आत अंधार असतो आणि बाहेर ऊन. दुपारी रस्त्यावरून घराची खिडकी बघितली तर तीही काळीच दिसते.

नियम काय सांगतो ते बघा. सोलास, म्हणजे समुद्रावरच्या जीविताच्या सुरक्षिततेचा आंतरराष्ट्रीय करार. त्याच्या पाचव्या प्रकरणातला २२ वा नियम फक्त ब्रिजवरून काय आणि किती दिसलं पाहिजे याबद्दल आहे. १ जुलै १९९८ नंतर बांधलेल्या, ५५ मीटर किंवा त्याहून लांब जहाजांना तो लागू होतो. त्यात स्पष्ट लिहिलंय की ब्रिजला पोलराइज्ड (ठरावीक दिशेचाच प्रकाश सोडणाऱ्या) किंवा टिंटेड (रंगीत, गडद) काचा बसवायच्या नाहीत. पुढच्या काचा वरच्या बाजूनं बाहेर झुकलेल्या हव्यात, उभ्या रेषेपासून किमान १० आणि जास्तीत जास्त २५ अंश, म्हणजे आतल्या दिव्यांचं प्रतिबिंब डोळ्यांवर येत नाही. ब्रिजच्या किमान दोन पुढच्या काचांतून कुठल्याही हवामानात, कायम, स्वच्छ दिसलंच पाहिजे. ऊन समोर असतं तेव्हा आम्ही काचेच्या आतून गडद पारदर्शक पडदा खाली ओढायचो आणि गरज संपली की वर सोडायचो. काच स्वतः नेहमी स्वच्छ.

हा नियम वीस फुटी बोटीला कायद्यानं लागू नाही, हे मान्य. पण ज्यांच्याकडे रडार आहे, दोन-तीन माणसं पहाऱ्याला आहेत, पाण्यापासून पंधरा-वीस मीटर उंचीवरून जे बघतात, त्यांनाही गडद काच नाकारली आहे. तुम्ही पाण्यापासून जेमतेम दीड मीटरवर बसलेले, रडार नाही, पहाऱ्याला दुसरं कुणी नाही, शेजारी मुलं. मोठ्या जहाजांचा दाखला द्यायचाच असेल तर तो हा आहे.

आता रात्रीचा मुद्दा. सगळ्यात घातक हाच आहे. ‘सर्चलाइट लावला की फरक पडत नाही.’

समुद्रावर रात्री आपण रस्त्यासारखं आपल्या उजेडात चालत नाही. आपण दुसऱ्यांचे दिवे बघून चालतो. लाल दिसला, हिरवा दिसला, पांढरा दिसला, त्यावरून समोरचा कुठल्या दिशेनं चाललाय ते ठरवतो. १२ मीटरपेक्षा लहान बोटीचे बाजूचे लाल-हिरवे दिवे किमान १ नॉटिकल मैलावरून (सुमारे १.८५ किलोमीटरवरून) दिसले पाहिजेत, एवढीच नियमाची अपेक्षा आहे. म्हणजे ते मुळात मिणमिणतेच. दुकानात ‘पस्तीस’ म्हणून मिळणारी फिल्म फक्त ३५ टक्के उजेड आत सोडते. दिव्याचा उजेड अंतराच्या वर्गानं कमी होत जातो, म्हणून स्वच्छ हवेत कागदावरचा हिशेब असा निघतो: जो दिवा जेमतेम १ मैलावरून दिसला असता, तो फिल्ममागून साधारण ०.६ मैलावर आल्यावरच दिसेल. दोन बोटी समोरासमोर, दोन्ही २० नॉटनं, म्हणजे तासाला २० नॉटिकल मैल वेगानं. फिल्म नसेल तर दिवा दिसल्यापासून हातात ९० सेकंद. फिल्म असेल तर ५४. त्यात दिवा ओळखायचा, दिशा ठरवायची, वेग कमी करायचा, वळायचं, आणि तेही काचेवर खारे शिंतोडे वाळलेले असताना. ‘पस्तीस’ ही मधली फिल्म झाली. मेसेज तर ‘कितीही गडद चालते’ म्हणतोय.

आणि हे दिवा असलेल्यांबद्दल. थळ, नवगाव, वरसोलीच्या समोर रात्री कुणी गेलं असेल त्याला माहीत आहे की पाण्यात बिनदिव्याचं किती काय असतं. डोलजाळ्यांचे बोये (जाळ्याच्या तरंगत्या खुणा), त्यांच्या जागी बांधलेले प्लास्टिकचे कॅन, पाण्याबरोबर वाहत आलेले ओंडके, एखादी लहान होडी, जिच्यात दोन माणसं बसून जाळं ओढतायत आणि उजेड म्हणून एक टॉर्च. या गोष्टी दिसतात त्या फिकट पाण्यावर गडद ठिपका म्हणून, अगदी थोड्या फरकानं. अंधाराला सरावायला डोळ्याला वीस-तीस मिनिटं लागतात. ती वाट बघून मिळवलेली नजर फिल्ममागे बसून अर्ध्याहून जास्त टाकून द्यायची?

सर्चलाइट हा त्यावरचा उपाय नाही. तो काचेमागून मारला तर त्यातला काही उजेड काचेवरून परत आपल्याच डोळ्यांत येतो. पुढे बसवून मारला तर हवेतल्या दमटपणावरून, तुषारांवरून परत येतो. हे नियमातही आहे: समुद्रावरच्या टकरी टाळण्याच्या आंतरराष्ट्रीय नियमांत, १९७२ च्या, सुरक्षित वेग ठरवताना लक्षात घ्यायच्या गोष्टींत ‘आपल्याच दिव्यांचा परत येणारा उजेड’ असं वेगळं नोंदलेलं आहे. सर्चलाइट सतत चालू ठेवला की समोरच्या तांडेलाची, म्हणजे मासेमारी होडी चालवणाऱ्याची, सरावलेली नजरही जाते. म्हणजे तुम्हाला दिसत नाही आणि त्यालाही दिसत नाही. शिवाय काचेच्या पलीकडून येणारा उजेड कमी झाला की आतल्या मीटरचं, प्लॉटरचं (नकाशा दाखवणाऱ्या पडद्याचं) प्रतिबिंब काचेवर ठळक होतं. ब्रिजच्या काचा तिरक्या ठेवतात त्या याच त्रासासाठी.

‘आम्ही रात्री जातच नाही’ असं भाचाही म्हणाला. जायचं नसतं, मान्य. पण इंजिन बंद पडतं, परतायला उशीर होतो. मे महिन्यात संध्याकाळी वळीव चढून येतो आणि बघता बघता दिवेलागणीसारखा अंधार होतो. फिल्म तेव्हा काढता येत नाही.

पाण्याची चमक मरते, हा दावा ऐकायला पटतो म्हणून त्याचं उत्तर नीट देतो. पाण्यावरून परावर्तित होणारा प्रकाश बराचसा आडव्या दिशेनं कंप पावणारा असतो. सूर्य क्षितिजापासून साधारण ३७ अंशांवर असतो तेव्हा तर जवळजवळ सगळाच. पोलराइज्ड गॉगल नेमकी हीच आडवी कंपनं अडवतो, म्हणून चमक जाते आणि बाकीचं दृश्य राहतं. काळी फिल्म असा काही फरक करत नाही. ती चमक जेवढी कमी करते तेवढंच चमकेतला बोया, पोहणाऱ्याचं डोकं, खडकावर फुटणारी लाट हेही कमी करते. डोळ्याला बरं वाटतं, पण लपलेली वस्तू लपलेलीच राहते. ज्यांना खडकांतून वाट काढायची असते, म्हणजे मालवणात सिंधुदुर्गाभोवती किंवा खांदेरीजवळ, त्यांना पाण्याचा रंग वाचावा लागतो. रंगीत काचेमागून रंग कसा वाचणार?

त्यात बहुतेक जण गॉगल घालूनच बोट चालवतात. नेहमीच्या गडद गॉगलमधून, ज्याला कॅटेगरी ३ म्हणतात, ८ ते १८ टक्के उजेड येतो. १५ टक्क्यांचा गॉगल आणि ३५ टक्क्यांची फिल्म यांचा गुणाकार करा: सव्वापाच टक्के. ही कॅटेगरी ४ ची पातळी झाली, बर्फाळ डोंगरांवर वापरायच्या चष्म्यांची. ते घालून गाडी चालवू नये असं त्या चष्म्यांबरोबरच सांगितलेलं असतं.

पोलराइज्ड गॉगलबद्दल एक खरी तक्रार आहे, तीही सांगतो. त्यातून काही प्लॉटरचे पडदे एका कोनात काळे दिसतात, आणि पॉलिकार्बोनेटच्या काचेतून इंद्रधनुष्यासारखे डाग दिसतात. मान थोडी कलती केली की पडदा दिसतो. गॉगल एका हातानं काढता येतो. उपाय म्हणून तोच घ्या.

कायद्याचं म्हणाल तर मेसेजमध्ये अर्धं सत्य आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला १०० वा नियम गाड्यांसाठी आहे: पुढच्या-मागच्या काचेतून ७० टक्के, बाजूच्या काचांतून ५० टक्के उजेड. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं काळ्या फिल्मविरुद्ध आदेश दिला तोही गाड्यांबद्दलच. बोटीला तो लागत नाही, बरोबर. पण वर सांगितलेले १९७२ चे टकरीचे नियम समुद्रावरच्या आणि समुद्राला जोडलेल्या, जहाजं चालतात अशा पाण्यातल्या प्रत्येक बोटीला लागतात, वीस फुटीलाही. त्यातला पाचवा नियम म्हणतो की प्रत्येक नौकेनं सतत, डोळ्यांनी आणि कानांनी, योग्य पहारा ठेवला पाहिजे. उद्या कुणाला धडक बसली तर पहिला प्रश्न ‘तुम्हाला दिसलं का नाही’ हाच असेल, आणि काळी काच पुरावा म्हणून तिथेच उभी असेल.

अजून एक, जे मेसेजला सुचलेलंच नाही. काचेतून फक्त आपण बाहेर बघत नाही, बाहेरचेही आपल्याला बघतात. जाळ्यावर असलेला तांडेल हात करून सांगतो, इकडून नको, तिकडून जा. आपण मान हलवली हे त्याला दिसलं की तो निर्धास्त होतो. आरशासारखी फिल्म लावलीत तर त्याच्यासाठी त्या बोटीत माणूसच नाही.

काच मजबूत होण्याबद्दल फार लिहीत नाही. खरी काच फुटली तर फिल्म तुकडे धरून ठेवते, एवढं खरं. पण लहान बोटींची वळणदार विंडशील्ड बहुधा काच नसतेच, ॲक्रिलिक असते, कधी पॉलिकार्बोनेट. गाडीच्या दुकानातला माणूस वळणावर फिल्म बसवायला हीट गन मारतो, आणि ॲक्रिलिक १०० अंशांच्या आसपासच मऊ पडू लागतं. तो ब्लेडनं कड कापतो, तिथे कायमचा ओरखडा. अमोनियाच्या क्लीनरनं पुसतो, त्यातून बारीक तड्यांचं जाळं उठतं. ॲक्रिलिक उन्हात काचेच्या सात-आठ पट प्रसरण पावतं, फिल्म तेवढी ताणत नाही. प्लास्टिकमधून निघणारा वायू फिल्मखाली अडकून फुगे येतात, ते वेगळंच. एका मोसमात समोरचं सगळं डागाळतं. मजबुती तर नाहीच.

ऊन लागत नाही? कोकणात मे महिन्यात सूर्य डोक्यावर येतो, मुंबईत मेच्या मध्याला शून्य सावलीचा दिवस असतो. छातीपर्यंत येणारी पुढची काच कशावर सावली धरणार? उभं राहिलं की नजरही तिच्यावरूनच जाते. ऊन खरंच सोसत नाही, मुलींना चटके बसतात, हे भाच्याचं म्हणणं मला मान्य आहे. त्यासाठी वरती कॅनव्हासचं छत बसवा, ज्याला बिमिनी म्हणतात. पूर्ण बाह्यांचे कपडे, रुंद कडेची टोपी, पोलराइज्ड गॉगल. बोट उभी असताना डॅशबोर्डवर आणि काचेवर बटणांचं कापडी कव्हर, सुटताना काढून ठेवायचं.

ज्यांनी फिल्म लावून घेतली आहे त्यांनी ती पुन्हा त्याच दुकानात नेऊन ओरबाडून काढू नये. आधी बोट बनवणाऱ्याकडून विचारून घ्या, काच आहे की ॲक्रिलिक की पॉलिकार्बोनेट. काच नसेल तर सावलीत, कोमट साबणाच्या पाण्यानं भिजवत, कडेपासून हातानं हळूहळू सोडवा. ब्लेड नको, हीट गन नको. राहिलेल्या चिकटाला थिनर किंवा ॲसिटोन लावू नका, ॲक्रिलिक त्यानं तडकतं. मऊ कापड आणि साबणाचं पाणी पुन्हा पुन्हा वापरा, वेळ लागला तरी चालेल.