म्हातारा व्हाइटटेल दिवसाही उठतो

अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियात ऑक्टोबर लागला, धनुष्याने शिकार करायचा हंगाम सुरू झाला, की एक मजकूर दरवर्षी नव्याने फिरायला लागतो. कधी व्हिडिओत, कधी धनुष्याच्या दुकानात गिऱ्हाइकांच्या तोंडून. यंदा तर तो चक्क मराठीत होऊन नागपूरच्या मामांकडून माझ्याकडे आला. सारांश असा: चार-पाच वर्षांपुढचा व्हाइटटेल, म्हणजे पांढऱ्या शेपटीच्या हरणाचा, नर पक्का निशाचर होतो, दिवसभर गचपणात पडून राहतो आणि अंधार पडल्यावरच बाहेर येतो, ट्रेल कॅमेऱ्यांनी (जनावर समोर आलं की आपोआप फोटो काढणाऱ्या, रानात बांधलेल्या कॅमेऱ्यांनी) हे सिद्ध केलंय. शिंगांना जितकी टोकं तितकं त्याचं वय. त्याचा माज, म्हणजे माद्यांच्या मागे लागण्याचा काळ, चंद्रावर चालतो. असा नर धनुष्याने मारायचा तर जाळीत घुसून उठवायचा, नाहीतर नशिबाची वाट बघत बसायचं. आणि जाता जाता एक टोमणा: हल्लीचं पुल्या लावलेलं कंपाउंड धनुष्य म्हणजे बिनआवाजाची बंदूकच, त्यात कसब कसलं?

पहिल्या दाव्यावर बाकीचे उभे आहेत, म्हणून त्याच्यापाशी जरा जास्त थांबतो.

व्हाइटटेल हे संधिकाळचं जनावर आहे. नरांच्या गळ्यात जीपीएस पट्टे बांधून पेनसिल्व्हेनिया, मिसिसिपी, ओक्लाहोमा अशा राज्यांत वर्षानुवर्षं नोंदी झाल्या. उजाडताना आणि दिवस मावळताना त्याची हालचाल सगळ्यात जास्त, हे चित्र पुन्हापुन्हा दिसतं आणि नर वयात आला म्हणून ते पुसलं जात नाही. मधल्या वेळातही तो दगडासारखा पडून नसतो. चार कप्प्यांच्या पोटाचं, रवंथ करणारं जनावर ते. खायचं, बसायचं, रवंथ करायचं, पुन्हा उठायचं, हे चक्र दिवसभर चालूच असतं. बसल्या जागेवरून तो आधी मागचे पाय उचलतो, अंग ताणतो, मुततो, हाताशी असलेली चार पानं ओरबाडतो, वाऱ्याकडे नाक करून बराच वेळ नुसता उभा राहतो आणि दहा-वीस पावलांवर दुसरीकडे तोंड करून बसतो. ही हालचालच आहे. फक्त ती माउंटन लॉरेलच्या जाळीच्या आत होते. लॉरेलची पानं नोव्हेंबरातही गळत नाहीत, त्यामुळे बाहेर उभ्या माणसाला त्यातलं काहीही दिसत नाही.

मग कॅमेऱ्यात नर रात्रीच का येतो? कारण कॅमेरा आपण आपल्या सोयीच्या ठिकाणी बांधतो: शेताच्या कडेला, जुन्या लाकूडवाटेवर, किंवा नराने लोंबत्या फांदीखाली खुराने माती उकरून मुतून ठेवलेल्या जागी. या उकरलेल्या जागांवरच्या फेऱ्या बहुतांशी रात्रीच्या असतात, हे जॉर्जियातल्या संशोधकांनी कॅमेरे लावूनच दाखवलं आहे. फाटकावर कॅमेरा लावायचा, घरातला माणूस सकाळी नऊला आणि रात्री आठला तेवढा दिसला की म्हणायचं, मधल्या वेळात हा झोपलेला असतो. त्यातलाच हा प्रकार. फाटकापाशी तो कधी पोचला एवढंच कॅमेरा सांगतो. उठला कधी, ते सांगत नाही. नर सूर्यास्ताआधी उठून जाळीच्या कडेला घुटमळत असेल आणि तीनशे मीटरवरच्या मक्यात अंधार पडल्यावर पोचत असेल, तर कॅमेऱ्याच्या हिशेबाने तो निशाचर. कायदेशीर शिकारीची वेळ इथे सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापर्यंत आहे. तेवढ्या वेळात तो चालत असतो, फक्त तुम्ही मक्यापाशी बसलेले असता.

एक गोष्ट मात्र खरी: माणसाच्या वावराने त्याचं वागणं बदलतं. ओक्लाहोमात एका मोठ्या जंगलपट्ट्यात मुद्दाम कुठे शिकारी दाट, कुठे विरळ ठेवून जीपीएस पट्टे बांधलेल्या नरांवर लक्ष ठेवलं गेलं. नर तो भाग सोडून पळाले नाहीत. त्यांनी हालचाल आखडती घेतली, आडोसा धरला, आणि हंगाम जसा पुढे गेला तसे ते शिकाऱ्यांना दिसेनासे झाले. जनावर तिथंच, दिसणं बंद. यालाच लोक वयाचा गुण समजतात. पण पाच वर्षं जगलेला नर म्हणजे आपल्यासारख्यांचे चार हंगाम पचवलेला नर, हे कुणी लक्षात घेत नाही.

आणि दिवसाउजेडी धनुष्याने मोठा नर मिळतच नाही असं ज्यांना वाटतं, त्यांच्यासाठी मेल जॉन्सन. 29 ऑक्टोबर 1965, इलिनॉयमधली पिओरिया काउंटी. पुल्या नसलेलं साधं रिकर्व्ह धनुष्य, मचाणही नाही, सोयाबीनच्या शेताच्या कडेला झुडपांच्या आडोशाला जमिनीवर बसलेला माणूस. त्याने मारलेल्या नराच्या शिंगांचं मोजमाप 204 4/8 इंच भरलं आणि धनुष्याच्या शिकारीची नोंद ठेवणाऱ्या पोप अँड यंग क्लबच्या ‘टिपिकल’ (दोन्ही बाजूंनी सारख्या घडणीच्या) शिंगांच्या यादीत ते कित्येक दशकं अव्वल राहिलं. एका उदाहरणाने नियम होत नाही, कबूल. पण ‘कधीच नाही’ म्हणणाऱ्याला एक पुरतं.

टोकं आणि वय. हे तर इतकं चूक आहे की आश्चर्य वाटतं. व्हाइटटेलची शिंगं दर हिवाळ्यात गळतात आणि वसंतापासून नव्याने उगवतात. सालागणिक एक टोक असा हिशेब कुठेच नाही. चांगला चारा मिळाला तर दीड वर्षाचं पोरही आठ टोकं मिरवतं. शिंगांचा भर साधारण पाच ते सात वर्षांच्या दरम्यान, त्यानंतर ती उतरायला लागू शकतात. वय बघायचं तर खालच्या जबड्यातले दात बघा: दीड वर्षाच्या जनावराची तिसरी दुधाची दाढ तीन भागांची असते, ती पडून कायमची येते ती दोन भागांची; पुढचं वय दात किती झिजले त्यावरून, अंदाजाने. जिवंत जनावर समोर असेल तर पोट ओघळलंय का, पाठ वाकलीय का, मान छातीत विरघळल्यासारखी दिसते का, पाय अंगाच्या मानाने आखूड वाटतात का, ते बघायचं. जुने शिकारी शिंगांकडे शेवटी बघतात. (शिंगं बघून हात थरथरतात, हेही एक कारण.)

चंद्राचं थोडक्यात. माज दिवसाच्या लांबीवर ठरतो. पेनसिल्व्हेनियात रस्त्यावर गाडीखाली मेलेल्या माद्यांच्या पोटातल्या गर्भांची लांबी मोजून, त्यावरून गर्भाचं वय काढून आणि तेवढे दिवस मागे जाऊन, गर्भधारणेच्या तारखा काढल्या गेल्या. बहुतेक माद्या नोव्हेंबरच्या मध्याला फळतात, मग पौर्णिमा कधीही असो. नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात नर भर दुपारी मादीच्या मागावर दिसतो, ते याच कारणाने. पंचांग खिशातच ठेवा.

जाळीत घुसून उठवा म्हणणाऱ्याने धनुष्य घेऊन जाळीत पाय तरी टाकलाय का, अशी मला शंका आहे. पहिलं म्हणजे तो उठतच नाही. मल्टिफ्लोरा रोझच्या (रानगुलाबाच्या) काट्यांत मान जमिनीला लावून बसतो आणि तुम्हाला पंधरा पावलांवरून जाऊ देतो. उठलाच तर पांढरी शेपटी तेवढी दिसते, आणि झुडपांतून पळत्या जनावरावर बाण सोडणं म्हणजे ते जखमी करून गमावण्याची खात्री. करंगळीएवढ्या काटकीला लागला तरी बाण भरकटतो. शिवाय तुमचा वास आता त्याच्या बसण्याच्या जागेवर आहे.

जुन्या नराला गाठायचं तर जाळीत जायचं नसतं, तिच्या कडेला बसायचं असतं. डोंगरउतारावर ऊन चढलं की हवा वर जाते, संध्याकाळी गार होऊन ओढ्याच्या अंगाने खाली उतरते. नर बहुतेक वेळा मागचा भाग नाकाने आणि खालचा डोळ्यांनी राखता येईल असा बसतो. म्हणून सकाळची जागा आणि संध्याकाळची जागा एक नसते, आणि वाऱ्याचा रोख उलटा असेल त्या दिवशी घरी थांबलेलं बरं. माझ्या माहितीत सातत्याने मोठे नर मिळवणारे शिकारी याच एका बाबतीत हट्टी आहेत: वारा चुकीचा असला तर ते आपल्या सगळ्यात आवडत्या जागेवरही पाऊल ठेवत नाहीत.

राहिला टोमणा. मिसूरीच्या हॉलिस विल्बर ॲलनला कंपाउंड धनुष्याचं पेटंट 1969 मध्ये मिळालं, आणि टोकांवरच्या पुल्यांमुळे पूर्ण ताणलेली दोरी धरून ठेवायला बरीच कमी ताकद लागते, हे खरं. पण आकडेमोड करा. बाण सेकंदाला साधारण 270 फूट जातो, आवाज 1,100 फूट. नर तीस यार्डांवर, म्हणजे 90 फुटांवर उभा असेल तर दोरीचा आवाज त्याच्या कानी सेकंदाच्या बाराव्या भागात पोचतो, बाणाला तिसरा हिस्सा सेकंद लागतो. मधला पाव सेकंद त्याचा. सावध जनावर तेवढ्यात पळायला म्हणून अंग खाली दाबतं, आणि फुप्फुसावर धरलेला बाण पाठीवरून निघून जातो. गोळी आवाजाच्या पुढे पळते, तिला ही अडचणच नाही. म्हणून गचपणात वीस यार्डांच्या पुढचा नर, कितीही मोठा असो, बरेच जण सोडून देतात. दोरी ओढायची तीही त्याचं डोकं झाडाच्या बुंध्याआड असताना, कारण तुमच्या हाताची हालचाल त्याला रंगापेक्षा फार लवकर कळते.

बाण लागल्यानंतरचं काम तर मोजलंच जात नाही. पानांवर गुलाबी, फेसाळ रक्त असेल तर फुप्फुस. अर्धा तास थांबून मागावर निघालं तर नर बहुधा जवळच पडलेला सापडतो. काळपट लाल असेल तर यकृत, काही तास थांबा. बाणाला हिरवट घाण आणि आंबूस वास असेल तर पोटात लागलाय. रात्रभर थांबावं लागतं, आणि घाई करून लगेच मागे गेलात तर तो उठून मैलभर दूरच्या दुसऱ्या जाळीत शिरतो. मामांना मी हेच लिहून पाठवलं. त्यांचा उलट प्रश्न आला, मग बंदूकच का घेत नाहीस? घेतो की, डिसेंबरात.