अफगाण लाल, पराग्वे हिरवा: तो फिरणारा तक्ता जरा नीट बघू

गेले पंधरा दिवस एक तक्ता फिरतोय, आमच्या शाळेच्या ग्रुपवर तीनदा आला, मग सोसायटीच्या ग्रुपवर, आणि परवा मामांनीपण पाठवला, वर "डोळे उघडणारी माहिती" असं लिहून. अमेरिकेतल्या दोन समाजांची तुलना आहे, एकीकडे अफगाण, दुसरीकडे पराग्वेहून आलेले लोक. घरटी उत्पन्न, गरिबी, सरकारी मदत, कामाला जाणाऱ्या बायका, सगळ्या रांगांमधे पराग्वे हिरवा आणि अफगाण लाल. खाली निष्कर्ष असा की दोन्ही देश गरीबच, अमेरिकेत दोघांना संधी सारखीच, मग एक समाज वर गेला आणि दुसरा खाली राहिला म्हणजे कारण एकच, त्यांची संस्कृती. (मूळ पोस्टमधे संस्कृतीच्या जागी दुसरा शब्द आहे, तो मी लिहीत नाही, कळलाच असेल.)

मला पराग्वे म्हटलं की फुटबॉल सोडून फार काही आठवत नव्हतं हे आधीच सांगतो. पण आकड्यांचे तक्ते करणं हाच माझा पोटापाण्याचा धंदा असल्यामुळे डोक्यात किडा शिरला आणि दोन रविवार त्यात घातले. तक्त्यातला प्रत्येक आकडा खोटा आहे असं माझं म्हणणं नाही. त्यातून काढलेला अर्थ मात्र एकेक मुद्दा घेतला तर टिकत नाही.

पहिलं, "दोन्ही देश गरीबच". अहो कुठे? पराग्वेचं दरडोई उत्पन्न वर्षाला ६ हजार डॉलरच्या आसपास आहे, अफगाणिस्तानचं चारशेच्या आसपास. म्हणजे साधारण पंधरा पट फरक, आणि दोघांना एकाच "गरीब" डब्यात टाकून मोकळे. पराग्वेत इताइपूचं अवाढव्य धरण आहे, ब्राझीलबरोबर भागीत, त्यातली वीज त्यांना पुरून उरते आणि ते विकतात, सोयाबीन आणि बीफ जगभर जातं, २०२४ मधे तर मूडीज या पतमापन संस्थेने त्यांना इन्व्हेस्टमेंट ग्रेड, म्हणजे पैसे गुंतवायला बऱ्यापैकी सुरक्षित, असं रेटिंग दिलं. हुकूमशाही त्यांनीपण भोगली, स्ट्रोएस्नर १९५४ ते १९८९ बसला होता, पण त्यांचं शेवटचं मोठं युद्ध १९३५ ला संपलं. अफगाणिस्तानात सोव्हिएत फौजा १९७९ च्या डिसेंबरात घुसल्या तिथपासून २०२१ पर्यंत धड दहा वर्षं शांततेची सापडत नाहीत. शाळेत न गेलेल्या आईबापांची पोरं आणि शाळेत गेलेल्या आईबापांची पोरं यांची शर्यत लावायची आणि निकालावर संस्कृती असं लिहायचं, असला प्रकार आहे.

आता "संधी सारखीच". खरी गोम इथे आहे म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पराग्वेतून अमेरिकेत गेलेले लोक मुळात मूठभर. २०१० च्या जनगणनेत सगळे मिळून २० हजारांच्या आसपास, स्पॅनिश बोलणाऱ्या दक्षिण अमेरिकी देशांमधे सगळ्यात कमी. बरेचसे न्यूयॉर्कच्या आसपास, क्वीन्समधे वगैरे. ते कसे आले? विमानाचं तिकीट काढून, व्हिसा घेऊन, आधी गेलेल्या भावाच्या नाहीतर मावशीच्या आधाराने. कुणी त्यांना रातोरात उचलून आणलं नाही. ज्याला परवडलं आणि ज्याचं कुणी तिथे होतं तो गेला, बाकीचे घरी राहिले किंवा शेजारच्या अर्जेंटिनात गेले (त्या अर्जेंटिनाकडे शेवटी येतो, तिथे तर मजाच आहे).

अफगाणांचं बघा. एकच समाज म्हणून ज्यांची सरासरी काढलीय ते निदान तीन वेगवेगळे गट आहेत. पहिले १९८० च्या दशकात आले, काबूलचे शिकलेसवरलेले, अधिकारी, प्राध्यापक, डॉक्टर, आणि कॅलिफोर्नियात फ्रीमाँटला वसले, तिथल्या एका भागाला लोक लिटल काबूलच म्हणायला लागले. त्यांची मुलं आता चाळिशी-पन्नाशीत आहेत, अमेरिकेतच वाढलेली. न्यूयॉर्कमधे त्याच काळात आलेल्यांनी तळलेल्या चिकनची दुकानं टाकली, इतकी की गरीब वस्त्यांमधला तो धंदा बऱ्यापैकी अफगाणांच्या हातात आला. दुसरे आले २००९ च्या कायद्यानंतर, अमेरिकन सैन्यासाठी दुभाषे, इंजिनिअर, ड्रायव्हर म्हणून काम केलेले, स्पेशल व्हिसावर, कुटुंबासकट. यातले खूप जण सॅक्रामेंटोला आणि व्हर्जिनियात.

आणि तिसरे २०२१ च्या ऑगस्टवाले. विमानाला लटकलेली माणसं आपण सगळ्यांनी टीव्हीवर बघितलीत. त्यानंतर ७० हजारांच्या वर लोक अमेरिकेत आणले गेले आणि आधी लष्करी तळांवर ठेवले गेले, काही जण कित्येक महिने. त्यातला एक तळ न्यू जर्सीतच, आपली मंडळी जिथे खच्चून राहतात त्या एडिसनपासून गाडीने तासाभरावर. यातल्या बहुतेकांना मिळालं काय तर दोन वर्षांचा पॅरोल. पॅरोल म्हणजे कैद्याचा नव्हे, तात्पुरती राहण्याची परवानगी, ग्रीन कार्ड नाही आणि पुढचा भरवसा नाही. त्यांना कायमचं करून घ्यायचं बिल अमेरिकन संसदेत आलं आणि तिथेच लोंबकळलं. आता मला सांगा, दोन वर्षांनी इथे असेन की नाही हेच माहीत नसलेल्या माणसाला कुणी धंद्याला कर्ज देईल का, तो स्वतः तरी दोन वर्षांचा कोर्स लावेल का?

शिवाय डिग्रीचं काय होतं ते बघा. काबूलला पंधरा वर्षं प्रॅक्टिस केलेल्या डॉक्टरला अमेरिकेत परत परीक्षा, परत रेसिडेन्सी (म्हणजे हॉस्पिटलमधलं प्रशिक्षण), तोवर घर चालवायला उबर. खालिद पायेंदा आठवतात का, अफगाणिस्तानचे अर्थमंत्री होते, देशाचं बजेट मांडलेला माणूस, २०२२ मधे वॉशिंग्टनमधे उबर चालवत होता, बातमी सगळीकडे आली होती. तिकडे जर्मनीत लाइपझिगला त्यांचे एक माजी दूरसंचार मंत्री सायकलवरून जेवणाचे डबे पोचवत होते. अशी माणसं तक्त्यात कुठल्या रंगात येतात? लालच की! त्यांच्या संस्कृतीत नेमकं काय कमी होतं म्हणे?

घरटी उत्पन्नाचा मुद्दा छोटा आहे पण सगळ्यात जास्त फसवतो. घर म्हणजे किती माणसं ते तक्त्यात कुठेच नाही. नवीन आलेल्या अफगाण कुटुंबात पाच-सहा पोरं असणं नवल नाही. अमेरिकन सरकारची २०२३ ची दारिद्र्याची गाइडलाइन तीन माणसांना २४,८६० डॉलर होती आणि सात माणसांना ४५,४२०. म्हणजे दोन घरात वर्षाला बरोब्बर ४५ हजारच येतायत, तिघांचं घर आरामात रेषेच्या वर आणि सातांचं घर खाली. कमावणारा तेवढंच कमावतोय, तेवढेच तास राबतोय, फक्त ताटं जास्त. गरिबीच्या रांगेतला लाल रंग किती कमाईचा आणि किती ताटांचा हे वेगळं काढल्याशिवाय त्या रांगेला काडीचा अर्थ नाही.

"सरकारी आकडे आहेत, खोटे कसे असतील" असं मामा म्हणाले. मामा, सरकारी आहेत, पण मोजलेले नाहीत, अंदाजलेले आहेत. हे आकडे येतात तो सर्व्हे दरवर्षी साधारण ३५ लाख पत्त्यांवर जातो आणि उत्तरं अंदाजे २० लाख घरांची येतात. अख्ख्या अमेरिकेसाठी ते भरपूर झालं. पण पराग्वेची घरं असतील सात-आठ हजार, म्हणजे माझ्या ढोबळ हिशोबाने एका वर्षात हाताला लागतात शंभरेक घरं. शंभर घरांवरून मधलं (मीडियन) उत्पन्न काढलं तर चारदोन श्रीमंत घरं इकडची तिकडे झाली तरी आकडा हलतो. म्हणून तर पाच-पाच वर्षं एकत्र करतात आणि शेजारी चुकीची मर्यादाही छापतात, अधिक-उणे इतकं म्हणून. तक्ता बनवणाऱ्याने तो अधिक-उणेचा कॉलम उडवला आणि रंग भरले. ऑफिसात मी असलं काही केलं असतं तर बॉसने दुपारी चहाला न बोलावता केबिनमधे बोलावलं असतं.

पाच वर्षं एकत्र करण्याने अफगाणांच्या बाबतीत अजून एक घोळ होतो, तो म्हणजे २०२१ च्या आधीचे आणि नंतरचे लोक एकाच भांड्यात पडतात. फ्रीमाँटला स्वतःचं घर असलेला साठीचा माणूस आणि परवा बेसवरून बाहेर पडलेला दुभाषी यांची मिळून जी मधली संख्या येते ती दोघांपैकी कुणाचीच नसते.

आणि "पराग्वेचे" म्हणजे कोण? १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकन जोडपी पराग्वेतून वर्षाला शेकडो बाळं दत्तक घेत होती, खूप तक्रारी झाल्यावर १९९५ मधे पराग्वेने ते थांबवलं. ती बाळं आता तिशीत आहेत, जन्म पराग्वेचा, आडनाव अमेरिकन, शाळा अमेरिकन, आईबाप बहुतेक खाऊनपिऊन सुखी. जन्मस्थान विचारलं की पराग्वेच्या खात्यात. इतक्या छोट्या समाजात एवढी माणसंसुद्धा सरासरी हलवायला पुरतात. कॅनडात तर याहून गंमत, तिथे पराग्वेत जन्मलेल्यांमधे मेनोनाइट पंथाचे लोक भरपूर आहेत, ज्यांचे आजे-पणजे १९२० च्या दशकात कॅनडातूनच पराग्वेच्या चाको भागात शेती करायला गेले होते, घरात जर्मन बोली, नातवंडं परत कॅनडात. यांच्या पगारावरून पराग्वेची संस्कृती शोधायची असेल तर शोधा बापडे.

सरकारी मदतीचा मुद्दा. "अफगाण मदत खातात, पराग्वेवाले घेत नाहीत." घेत नाहीत की मिळत नाही? १९९६ च्या कायद्याने ग्रीन कार्ड मिळाल्यावरही बहुतेक लोकांना केंद्राच्या बऱ्याच योजना पहिली पाच वर्षं बंद असतात. निर्वासितांना त्यातून सूट होती, कारण ते अंगावरच्या कपड्यांनिशी येतात. म्हणजे एकाला रेशनकार्ड आहे, दुसऱ्याला नाही, आणि आपण म्हणतोय दुसरा स्वाभिमानी. बरं, मदत तरी केवढी? २०२१ ला आलेल्या माणसामागे पुनर्वसन संस्थेला एकदाच २,२७५ डॉलर, त्यातले १,२२५ त्या माणसासाठी आणि बाकी संस्थेचा खर्च. अमेरिकेतलं घरभाडं ज्याला माहीत आहे त्याने हिशोब करावा. रेफ्युजी म्हणून जो येतो त्याला तर विमानाच्या तिकिटाचे पैसेसुद्धा नंतर हप्त्याने फेडावे लागतात, बिनव्याजी का होईना.

बायकांच्या कामाचा मुद्दा मी उडवून लावणार नाही. अफगाण घरांमधे कमी बायका कामाला जातात हे खरं आहे, आणि त्यात रीतीभातीचा, घरातल्या पुरुषांच्या हट्टाचा भाग आहे हेही खरं, उगाच सारवासारव कशाला. पण तेवढंच नाही. पाच लहान पोरं, पाळणाघराची फी पगाराएवढी, गाडी एकच आणि ती नवऱ्याकडे, इंग्रजी येत नाही कारण शाळेतच जाऊ दिलं नव्हतं, या परिस्थितीत आपल्याकडची बाईपण घरीच बसते. एच-१बी या कामाच्या व्हिसावर गेलेल्यांच्या बायका, आपल्याच मुली, डिपेंडंट व्हिसावर वर्षानुवर्षं घरी बसल्या, इंजिनिअर असून, तेव्हा कुणी मराठी संस्कृतीला लाल रंग दिला नव्हता. आणि पुण्यात शिकलेल्यांनी अफगाण मुलीपण बघितल्या असतील, स्कॉलरशिपवर आलेल्या, मास्टर्स करणाऱ्या. २०२१ ला काबूल पडल्यावर त्यांची जी अवस्था झाली, घरी जाता येत नाही आणि पुढचं काही ठरत नाही, ती लांबून का होईना मी बघितलीय.

आता अर्जेंटिना. पराग्वेची संस्कृतीच जर पैसा आणत असेल तर तिथे सगळ्यात जास्त आणायला हवा, कारण तिथे पराग्वेचे पाच लाखांवर लोक आहेत, त्या देशातला सगळ्यात मोठा परदेशी समाज. करतात काय? पुरुष बांधकामावर, बायका धुणीभांडी आणि घरकाम. राहतात कुठे, तर ब्युनोस आयर्सच्या झोपडपट्ट्यांमधे त्यांची मोठी वस्ती, बाराकासमधल्या व्हिया २१-२४ मधे तर त्यांच्या काकुपेच्या देवीचं चर्च आहे, तिची जत्रा भरते. तिथले लोक यांच्याबद्दल जे बोलतात ते ऐकलंत तर आपल्या ग्रुपवर अफगाणांबद्दल जे चाललंय तेच वाटेल, फक्त स्पॅनिशमधे. माणसं तीच, भाषा तीच ग्वारानी, देवी तीच. फरक एवढाच की ब्युनोस आयर्सला बसने जाता येतं आणि न्यूयॉर्कला व्हिसा लागतो. बस सगळ्यांना घेते, व्हिसा निवडून घेतो.

हे आपल्याला कळायला खरं तर सोपं जायला हवं. कोकणातल्या एका गावातला एक पोरगा कुवेतला आठजणांच्या खोलीत राहून एसी दुरुस्त करतो, दुसरा इंजिनिअर होऊन न्यू जर्सीत बंगला घेतो, दोघंही गणपतीला गावी येतात. पण "अमेरिकेत भारतीय सगळ्यात श्रीमंत" हा फॉरवर्ड आला की आपण कुवेतवाला विसरतो आणि छाती फुगवतो. तो फॉरवर्डपण या अफगाण-पराग्वे तक्त्याच्याच कारखान्यातला आहे, फक्त त्यात आपण हिरव्यात असल्याने कुणी तपासायला जात नाही.

मामांना हे सगळं लिहून पाठवलं. "बरं" असं उत्तर आलं, आणि अर्ध्या तासाने तोच तक्ता त्यांनी भजनी मंडळाच्या ग्रुपवर टाकला.