लँड गर्ल्सची मैत्री

विमेन्स लँड आर्मी म्हणजे दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनच्या शेतांवर राबणाऱ्या बायकांची संघटना; या बायकांना लँड गर्ल्स म्हणत. तिचं ते पोस्टर तुम्हीही पाहिलं असेल. हिरवा स्वेटर, तपकिरी ब्रीचेस, डोक्यावर हॅट, गालभर हसू. हल्ली ते कुणीतरी शेअर करतं आणि खाली 'किती गोड दिवस!' अशा कमेंट्स येतात. मला ते वाचवत नाही.

युद्धाआधी ब्रिटन निम्म्याहून जास्त अन्न बाहेरून बोटींनी आणत होता. युद्ध पेटलं तर जर्मन पाणबुड्या बोटी बुडवणार आणि गडीमाणसं सैन्यात जाणार, हे दिसतच होतं. जून १९३९ मध्ये लेडी गर्ट्रूड डेनमन यांनी पहिल्या महायुद्धातली ही संघटना पुन्हा उभी केली. पुढे ऐंशी हजारांवर बायका तिच्यात होत्या. कुणी केस कापणारी, कुणी दुकानात उभी राहणारी, कुणी टायपिस्ट. ऑक्सफर्डजवळ वॉटरपेरीला बिआट्रिक्स हॅवरगल यांची बायकांसाठी बागकामाची शाळा होती. तिथेही लँड गर्ल्स शिकल्या. पण बहुतेकींना मातीनेच शिकवलं.

हिवाळ्यात ब्रसेल्स स्प्राउट्स, म्हणजे चिमुकल्या कोबीसारखी भाजी, तोडायची म्हणजे बर्फाने कडक झालेल्या देठावरून गड्डी न् गड्डी बोटांनी खुडायची. थोड्या वेळात बोटं बधिर. सुरुवातीला मजुरी आठवड्याला २८ शिलिंग, त्यातले १४ राहण्याजेवणाचे कापले जायचे. गड्याला सरासरी ३८. वर शेतकऱ्याची नजर अशी, की ही शहरी पोर कधी रडत घरी जाते ते बघू.

एखाद्या आडबाजूच्या शेतावर एकटीच पडलेल्या मुलीचे फार हाल होत. हॉस्टेलात राहणाऱ्यांना निदान संध्याकाळी हक्काचं माणूस भेटायचं. ओले मोजे एकाच शेगडीपुढे वाळायचे, एकीच्या घरचं पत्र सगळ्या ऐकायच्या. माझं ठाम मत आहे, की ब्रिटनची भाजी या मैत्रीवर पिकली. सरकारने मजुरी ठरवली, गणवेश दिला. पण पहाटे अंधारात पुन्हा वाफ्यावर जायचं बळ त्या एकमेकींना देत होत्या. त्याची नोंद कुठल्या हिशेबात झाली?

युद्ध संपत आलं तेव्हा सैनिकांना मिळणारे लाभ लँड गर्ल्सना नाकारले गेले. याच्या निषेधार्थ डेनमनबाईंनी फेब्रुवारी १९४५ मध्ये राजीनामा दिला. मला त्या बाईंबद्दल अपार आदर आहे. त्यानंतर सवलत काय मिळाली, तर बूट ठेवा, आणि ओव्हरकोट ठेवायचा असेल तर निळा रंगवून घ्या! काम मात्र १९५० पर्यंत करून घेतलं.

या कामाची दखल म्हणून सरकारी बिल्ला मिळाला २००८ साली. तोवर कितीजणी गेल्या होत्या, आणि उरलेल्यांपैकी कितीजणींच्या शेजारच्या खाटेवरची मैत्रीण तो बघायला राहिली नव्हती. पुढच्या वेळी ते पोस्टर शेअर कराल तेव्हा खाली एवढं तरी लिहा, की या बायकांना सैनिकांसारखे लाभ दिले गेले नाहीत.