गरीब व्हायचंय? आधी घर पाडा

सरकारदरबारी गरीब म्हणून नाव लागावं असं मनात असेल, तर पहिली अडचण तुमच्या आज्याने करून ठेवली आहे. त्याने मुंबईच्या गिरणीत राबून मनीऑर्डरी पाठवल्या आणि चिऱ्याचं घर उभं केलं. ओटी, माजघर, दोन खोल्या, मागे पडवी, वर मंगलोरी कौलं. आता त्या घरात काकी एकटी राहते. आषाढात माजघरात पाच ठिकाणी गळतं, म्हणून ती पाच पातेली मांडून झोपते. उताऱ्यावर सगळ्या चुलत्या-पुतण्यांची नावं, त्यामुळे दुरुस्तीला कर्ज मिळत नाही आणि वाटणीचा विषय काढला की गणपतीत भांडणं होतात. पण 2011 च्या सामाजिक, आर्थिक आणि जात जनगणनेचा नियम साफ होता: तीन किंवा अधिक खोल्या, सगळ्यांना पक्क्या भिंती आणि पक्कं छप्पर, की कुटुंब आपोआप बाहेर. पातेल्यांसाठी रकाना नव्हता. तेव्हा आधी घर पाडा. अगदीच जिवावर येत असेल, तर निदान खोल्या दोनवर आणा.

किनाऱ्यावरच्यांनी होडीला इंजिन लावू नये. वल्ही मारावीत, तब्येतीला बरी. नोंदणीची इंजिनवाली होडी, दुचाकी, फ्रीज किंवा लँडलाइन, यातलं एक जरी घरात सापडलं तरी त्याच जनगणनेने तुम्हाला वगळलं होतं. रिसीव्हरवर कोळ्याने जाळं विणलं असलं तरी फोन तो फोनच. 2024 मध्ये पंतप्रधान आवास योजनेच्या घरकुलाच्या नियमांतून या चारही वस्तू काढून टाकल्या. मधल्या काळात ज्यांनी होडी विकली, त्यांनी जरा घाईच केली.

दारिद्र्यरेषेच्या जुन्या यादीत नाव हवं असेल, तर मात्र तुमचा मुहूर्त टळला. ते सर्वेक्षण 2002 चं. तेरा प्रश्न, प्रत्येकाला शून्य ते चार गुण, एकूण 52. शाळेच्या उलटा हिशेब, जितके कमी गुण तितके तुम्ही हुशार. एक प्रश्न कपड्यांचा होता: माणशी दोनपेक्षा कमी असतील तर शून्य, दहा किंवा जास्त असतील तर चार. आमची कोकणी माणसं इथेच नापास झाली. दारात कुणी पाहुणा आला म्हणून काकी ठेवणीतलं लुगडं नेसून पुढे आली, बसायला घोंगडी घातली, वर कोकम सरबत दिलं. मागे वलणीवर आणखी तीन लुगडी वाळत होती. पाहुणा शांतपणे मोजत होता.

उत्पन्नाच्या दाखल्याला विशेष जपा. संजय गांधी निराधार योजनेसाठी, दिव्यांग सोडले तर, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 21 हजारांच्या आत पाहिजे, म्हणजे दिवसाला साधारण साडेसत्तावन्न रुपये, तेही सगळ्या घराचे. आता रोजगार हमीचा दर बघा. 2025-26 साठी महाराष्ट्रात दिवसाला 312 रुपये होता आणि कायद्याने हमी 100 दिवसांची होती. सगळे दिवस काम मिळालं तर 31,200. संपलं की निराधारपण! म्हणून 67 दिवस गडगे घाला, काजूच्या कलमांना खड्डे मारा आणि अडुसष्टाव्या दिवशी कंबर धरून घरी बसा. एका सरकारी हमीने दुसऱ्या सरकारी मदतीला मुकायचं नसेल, तर एवढा संयम हवाच. शिवाय लाडकी बहीण व्हायला उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख आणि निराधार व्हायला 21 हजार. रक्कम दोन्हीकडे महिन्याला 1500 च. लाडकं होणं नेहमीच परवडतं.

केंद्राच्या वृद्धापकाळ पेन्शनचं म्हणाल, तर ऐंशीच्या आतल्यांना कित्येक वर्षांपासून महिन्याला 200 रुपये. राज्य वरची भर घालतं म्हणून काकीचं भागतं. सुरमईचा भाव विचारू नका.

सगळ्यात सोपा मार्ग काहीच न करण्याचा. नीती आयोगाच्या बहुआयामी गरिबीच्या निर्देशांकात बारा निकष आहेत. त्यात बँक खातं हाही एक. खातं असलं की त्या निकषापुरते तुम्ही सुटलात, खात्यात काय आहे ते कुणी बघत नाही. घरात रेडिओ आणि मोबाइल दोन्ही असतील तर मालमत्तेच्या निकषातूनही सुटका. 2013-14 ते 2022-23 या नऊ वर्षांत 24.82 कोटी लोक गरिबीतून बाहेर पडले, असं आयोगाने जानेवारी 2024 मध्ये जाहीर केलं. काकीला हे वाचून दाखवलं. ती म्हणाली, "मी खंय गेलंय? हयच आसंय."

एवढं करून पात्र ठरलात, तर उरतो अंगठा. काकी काजूच्या कारखान्यात बिया सोलायची. टरफलातलं तेल बोटांची सालं काढतं, रेषा पुसल्या जातात. रेशन दुकानाच्या मशिनवर ती एकेक बोट ठेवते, पदराला पुसते, पुन्हा ठेवते. दुकानदार बिचारा मायेने सांगतो, "काकी, अंगठो लागना नाय गो, सोमवारी ये." तरुणपणी हातमोजे घालायला काय झालं होतं? गरीब होण्याची तयारी वेळेत सुरू केलेली बरी.

आणि गणपतीला मुंबईहून लेक येतो, त्याला आधीच फोन करा. लग्न झालेलं नसेल आणि गाडी त्याच्या नावावर असेल, तर चारचाकी तुमच्याच कुटुंबाची ठरते आणि आईचे लाडक्या बहिणीचे 1500 जातात. 2025 मध्ये अंगणवाडी ताईंना गाड्या शोधायला घरोघर पाठवलं होतं. तर गाडी वाडीच्या देवळापाशी लावायला सांगा. कुणी विचारलंच, तर ग्रामदेवतेची आहे म्हणा. तिच्या उत्पन्नाचा दाखला अजून कुणी मागितलेला नाही.