काका, शीर्षकातला ‘इच्छामरण’ मी मागे घेते

नमस्कार काका,

(तुम्ही वय ७८ लिहिलंय आणि मी बासष्टची, म्हणून काका म्हणते. चालेल ना?)

लिव्हिंग विलवरच्या, म्हणजे बरं होण्याची आशा नसताना कुठले उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवण्याच्या कागदावरच्या, माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत: “आज कागदावर सही, उद्या इंजेक्शन. पुण्यातल्या फ्लॅटचे भाव बघता मुलं टपलेलीच आहेत. आणि आयुष्य देवानं दिलं, ते संपवणाऱ्या तुम्ही कोण?” पहिल्यांदा वाचलं तेव्हा राग आला. रात्री परत वाचलं, तेव्हा लक्षात आलं की चूक माझ्याकडूनही झाली आहे.

लेखाला मी ‘माझं इच्छामरण’ असं शीर्षक दिलं. वाचणारे वाढावेत म्हणून दिलं, खोटं कशाला बोलू. पण मी नोटरीसमोर सही केलेल्या कागदाचा आणि इंजेक्शनचा काही संबंध नाही. इंजेक्शन देऊन मरण आणणं भारतात गुन्हाच आहे. सर्वोच्च न्यायालयानं ९ मार्च २०१८ला मान्यता दिली ती एवढ्यालाच, की बरं होण्याची आशा नसेल आणि मला स्वतःला बोलता येत नसेल, तर नुसतं लांबवणारे उपचार नकोत हे आधी लिहून ठेवता येईल. तेव्हा त्यावर मॅजिस्ट्रेटची सही लागायची, त्यामुळे कोणी त्या वाटेला फारसं जायचं नाही. जानेवारी २०२३मध्ये ती अट गेली. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतात. कागद कधीही रद्द करता येतो. म्हणजे शीर्षक चुकलंच.

आता मुलं. तुमची भीती मी उडवून लावणार नाही. सोसायटीत तीस वर्षं काढल्यावर कोणाच्या घरी काय चालतं ते कळतं. पण एक सांगा काका, कागद नसेल तर कोण ठरवतं? तीच मुलं ठरवतात. आयसीयूच्या दारात सिस्टर ओरडते, “पेशंटचे नातेवाईक कोण?” आणि पुढे होईल तो सही करतो. उलट कागदात निर्णय कोणाला विचारून घ्यायचा त्यांची नावं तुम्ही घालता, एकापेक्षा जास्त घालता येतात. मुलावर भरवसा नसेल तर भाचीचं घाला. शिवाय नुसता कागद दाखवून कोणी नळी काढत नाही. आधी हॉस्पिटलचं तीन डॉक्टरांचं मंडळ बघतं, मग दुसरं तिघांचं, आणि त्या दुसऱ्यात एक डॉक्टर जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्यानं नेमलेला असतो. फ्लॅट विकायला याहून कमी सह्या लागतात.

मी हा कागद केला तो आईमुळे. वय ८३, मेंदूत रक्तस्राव, एकोणीस दिवस व्हेंटिलेटर. भाऊ न्यू जर्सीहून फोनवर “सगळं करा, पैशाचं बघू नका” म्हणायचा आणि मी आईचे बांधून ठेवलेले हात बघायचे. आम्ही दोघंही तिचीच मुलं, दोघांनाही तिचं बरंच हवं होतं. आईला काय हवं होतं हे मात्र दोघांनाही ठाऊक नव्हतं. तिनं कधी सांगितलं नाही, आम्ही कधी विचारलं नाही, कारण आमच्याकडे असला विषय निघाला की “शुभ बोल गं” म्हणून गप्प करायची पद्धत. त्या एकोणीस दिवसांवरून भाऊ आणि मी अजून नीट बोललेलो नाही.

सासऱ्यांचं उलट झालं. स्वादुपिंडाचा कॅन्सर. हॉस्पिटलनं हात टेकले, तेव्हा आम्ही डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध डिस्चार्ज घेतला, ज्याला तिथे ‘डामा’ म्हणतात. घरी आणलं म्हणून सगळ्यांना बरं वाटलं. पण घरात मॉर्फिनची एक गोळी नव्हती आणि ती कुठे मिळते हे सांगणारंही कोणी नव्हतं. तीन रात्री ते कण्हत होते. वारज्यात सिप्लाचं पॅलिएटिव्ह केअर (म्हणजे वेदना आणि त्रास कमी करणारी शुश्रूषा) सेंटर आहे, १९९७पासून, कॅन्सरच्या रुग्णांना मोफत, हे मला तेराव्याला आलेल्या एका बाईंकडून कळलं. आमच्या घरापासून रिक्षानं पंधरा मिनिटं!

म्हणून इंजेक्शनच्या बाबतीत मी तुमच्या बरीच जवळ आहे, हे ऐकून तुम्हाला आश्चर्य वाटेल. नेदरलँड्समध्ये २००२पासून तसा कायदा आहे. कॅनडानं २०१६मध्ये केला तेव्हा मरण नजीक असण्याची अट होती, २०२१मध्ये ती काढून टाकली. ‘आज सही, उद्या इंजेक्शन’ हे तुमचं म्हणणं तिथे अगदीच निराधार ठरत नाही. त्या तीन रात्रींत सासऱ्यांना कोणी विचारलं असतं तर ते हो म्हणाले असते, याची मला खात्री आहे. पण ते हो मरणाला असतं की वेदना थांबण्याला, हे मॉर्फिन दिल्याशिवाय कसं कळणार? ज्या शहरात गोळीचा पत्ता तेराव्याला कळतो, तिथे इंजेक्शनचा कायदा आज आणू नये असं मला वाटतं. दहा वर्षांनी कदाचित वेगळं वाटेल.

देवाबद्दल थोडंच, कारण तिथे माझा अधिकार नाही. विनोबांनी १९८२च्या नोव्हेंबरात पवनारला अन्न-औषध सोडलं, त्यांना देवाचा विसर पडला होता असं तुम्हीही म्हणणार नाही. आणि व्हेंटिलेटर देवानं दिलेला नाही.

शीर्षक आज बदलते आहे. कागदाचा नमुना हवा असेल तर कळवा, प्रिंट काढून पाठवीन, शनिवार पेठेत माझं येणं-जाणं असतंच. फक्त आमच्या ह्यांना त्याबद्दल विचारू नका. त्यांचा कागद सहा महिने टेबलावर पडून आहे. “दिवाळीनंतर बघू” म्हणतात.