१९२.१६८ दिसलं म्हणजे फोन हॅक? त्या मेसेजची चिरफाड

गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर फिरणाऱ्या मेसेजचा मतलब असा: वायफायच्या सेटिंगमध्ये आयपी पत्ता (नेटवर्कवर फोनला मिळणारा आकडा) १९२.१६८ ने सुरू होत असेल तर फोन दुसऱ्याच्या ताब्यात गेला. हा पत्ता जगात एकाच फोनचा असतो, कधी बदलत नाही, चोर त्यावरून घर गाठतो. उपाय म्हणजे तो ‘स्टॅटिक’, म्हणजे हाताने भरून कायमचा, करा, नेटही पळेल.

आधी १९२.१६८. हा गट घरच्या, ऑफिसच्या आतल्या वापरासाठी राखीव आहे. १० ने सुरू होणारे आणि १७२.१६ ते १७२.३१ हेही तसेच. पत्ता तुमचाच राऊटर, म्हणजे वायफायचा डबा, देतो. शेजाऱ्याच्या फोनलाही १९२.१६८.१.५ असू शकतो. राऊटर वेगळे, म्हणून भांडण नाही. कॉम्प्युटरवर १६९.२५४ दिसलं तर मात्र बघा: राऊटरकडून पत्ता मिळालेला नाही. केबल ढिली असते, नाहीतर राऊटर अडकलेला.

जगात एकच? जुन्या पद्धतीचे, म्हणजे ३२ बिटांचे, पत्ते जेमतेम ४२९ कोटी. जागतिक साठ्यातले शेवटचे गट २०११ च्या फेब्रुवारीत वाटून झाले. म्हणून इंटरनेट कंपन्या अनेक ग्राहकांना एकाच बाहेरच्या पत्त्यामागे बसवतात. कापसाच्या जिनिंगमधले कॅमेरे घरून बघायला पोर्ट फॉरवर्डिंग (बाहेरून आलेली मागणी राऊटरने आतल्या कॅमेऱ्याकडे पाठवणं) करूनही काही दिसत नाही, ते बहुतेकदा यामुळेच. राऊटरच्या पानावर (ब्राउझरमध्ये उघडणारं त्याचं सेटिंग) ‘वॅन’, म्हणजे राऊटरचा बाहेरच्या बाजूचा, पत्ता बघा. तो १००.६४ ते १००.१२७ मधला असेल तर तुम्हीही अशाच सामायिक पत्त्यामागे आहात, तिथे डोकं फोडू नका. कंपनीकडे पब्लिक आयपी (बाहेरून थेट गाठता येणारा पत्ता) मागा किंवा कॅमेऱ्याचं क्लाउड ॲप वापरा.

‘कधी बदलत नाही’ हेही खोटं. राऊटर पत्ता ठरावीक मुदतीपुरता देतो. मॅक पत्तासुद्धा (यंत्राच्या वायफाय किंवा नेटवर्क भागाचा ओळख क्रमांक) अँड्रॉइड १० पासून फोन दर वायफायला वेगळा दाखवतो.

चोर घरी? यवतमाळच्या खेड्यातल्या कनेक्शनचं ठिकाण शोधलं तर नागपूर किंवा मुंबई निघतं, कारण पत्त्यांचे गट कंपनीच्या नावे असतात. कोणत्या वेळी कोण ग्राहक होता, ही नोंद कंपनीकडे असते, चोराकडे नाही.

राहिलं स्टॅटिक. त्याने वेग तसूभर वाढत नाही. त्याचा खरा उपयोग सेतू केंद्रातल्या प्रिंटरला आहे. लाइन जाऊन आली, राऊटरने प्रिंटरला नवा पत्ता दिला, की कॉम्प्युटर जुन्याच पत्त्यावर छपाई पाठवत बसतो आणि ‘ऑफलाइन’ म्हणतो. इकडे दाखल्यांसाठी रांग. त्यासाठी राऊटरच्या पानावर (बहुधा १९२.१६८.१.१, नसेल तर वायफाय सेटिंगमधला गेटवेचा, म्हणजे राऊटरच्या आतल्या पत्त्याचा, आकडा बघा) डीएचसीपीची, म्हणजे आपोआप पत्ते वाटण्याची, हद्द शेवटच्या आकड्यात १०० ते १९९ करा. मग प्रिंटरला हद्दीबाहेरचा १९२.१६८.१.२० द्या, मास्क २५५.२५५.२५५.०, गेटवे राऊटरचाच. हद्दीतला दिला तर राऊटर तोच पत्ता कधीतरी एखाद्या मोबाईलला देईल आणि दोघंही अडखळतील. त्याहून सोपं, राऊटरमध्ये प्रिंटरचा मॅक पत्ता नोंदवून आयपी राखून ठेवा. प्रिंटरला हात लावावा लागत नाही. लॅपटॉपला मात्र स्टॅटिक ठेवू नका. तालुक्याच्या ऑफिसात राऊटर १९२.१६८.०.१ असला की वायफाय जोडलेलं दिसेल, पण पान एकही उघडणार नाही. तसं झालं असेल तर आयपी सेटिंग परत ‘ऑटोमॅटिक’ करा.