‘खिडकीवरचे सेन्सर आजच काढा’ म्हणणाऱ्या फॉरवर्डला

मंगळवारी सकाळी पावणेसातला फोन वाजला. ‘गॅरेज शटर उघडलं.’ मग ‘देवघराची खिडकी उघडली.’ मग स्वयंपाकघराची, बेडरूमची, मागच्या खोलीची, पाहुण्यांच्या खोलीची आणि शेवटी जिन्यातली. मावशीकडे मी लावलेल्या सेन्सरांचे हे निरोप, दहा मिनिटांत सात. सांगलीच्या त्या बंगल्यात मावशी आणि काका दोघंच राहतात, दोघंही सत्तरीपुढचे. मी पुण्यात, गॅसवर दूध. मावशी फोन घेईना. शेवटी तिच्या शेजारच्या वहिनींना लावला. त्या तशाच गाऊनवर धावल्या, तर मावशी जिन्यात स्टुलावर चढून उलथन्याने शेवटचा सेन्सर खरवडत होती.

चोरबीर कोणी नव्हतं. भजनी मंडळाच्या ग्रुपवर फॉरवर्ड आला होता.

त्याचं म्हणणं थोडक्यात असं: खिडक्या-दारांचे बिनतारी सेन्सर चोवीस तास किरण सोडतात, त्याने कॅन्सर होतो. त्यांच्या चुंबकाने पेसमेकर बंद पडतो. आत छुपा कॅमेरा आणि माइक असतो. चोर रस्त्यावरून मशीन दाखवून याच सेन्सरमधून गॅरेजचा दरवाजा उघडतात. आणि आतली बॅटरी रात्री फुटते, म्हणून ‘आजच काढून बाहेर ठेवा’. शेवटी नेहमीचे ‘एक मोठे डॉक्टर’ आणि जोडलेल्या हातांची रांग.

काकांना दोन वर्षांपूर्वी पेसमेकर बसलाय. त्यामुळे मावशीला मी हसणार नाही. हे लिहून सोडून देणाऱ्याला मात्र दोन शब्द ऐकवायचे आहेत.

आधी ही वस्तू काय आहे ते. काडेपेटीपेक्षा लहान डबी खिडकीच्या चौकटीला, आणि तिच्या शेजारी झडपेला चुंबकाची कांडी. डबीत बोटाच्या पेराएवढी काचेची नळी, नळीत दोन पात्या. चुंबक जवळ असला की पात्या चिकटतात, लांब गेला की सुटतात. बेल लॅबोरेटरीजच्या वॉल्टर एलवूडने हे १९३६ मध्ये शोधलं, म्हणजे काकांच्याही जन्माआधीची गोष्ट. पात्या सुटल्या की डबी घरातल्या हबला, म्हणजे सगळ्या सेन्सरांचे निरोप गोळा करून फोनवर पाठवणाऱ्या डब्याला, एक निरोप धाडते आणि परत झोपते. मधूनमधून ‘मी आहे’ एवढं कळवते. बस.

आता ‘चोवीस तास किरण’. डबीतल्या सेलवरचा आकडा वाचा: सीआर२०३२. तीन व्होल्ट, साधारण २२५ मिलिअँपिअर-तास. गुणाकार केला तर पाऊण वॅट-तासाच्याही आतच येतो. माझ्या फोनची बॅटरी ५००० मिलिअँपिअर-तासांची, म्हणजे १९ वॅट-तासांच्या आसपास, आणि ती मी रोज रात्री भरते. याचा अर्थ, माझा फोन एका दिवसात जेवढी वीज संपवतो तेवढ्यात असे अठ्ठावीस सेल येतील, आणि एकेक सेल सेन्सरमध्ये दीड-दोन वर्षं पुरतो. सेलमधल्या सगळ्याच्या सगळ्या विजेचे ‘किरण’ झाले असं धरलं तरी हिशेब हाच राहतो. आणि हा फॉरवर्ड मावशीने वाचला तो उशीखाली ठेवलेल्या फोनवर!

अर्धं खरं आहे ते मान्य करते, नाहीतर कोणीतरी कॉमेंटमध्ये आणून टाकेलच. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०११ मध्ये रेडिओ लहरींना ‘२ब’ गटात टाकलं होतं, म्हणजे ‘कदाचित, पुरावा मर्यादित’. त्याच गटात आशियाई पद्धतीच्या लोणच्याच्या भाज्या आहेत आणि कोरफडीच्या अख्ख्या पानाचा अर्कही. पुढे २०२४ मध्ये याच संघटनेने करवून घेतलेला ६३ अभ्यासांचा आढावा प्रसिद्ध झाला, त्यात मोबाइल आणि मेंदूचा कॅन्सर यांचा संबंध दिसला नाही. तो मोबाइल कानाला लावून बोलायचा असतो. खिडकी कोणी कानाला लावत नाही.

कॅमेरा आणि माइक? वरचाच गुणाकार परत करा. चपट्या सेलवर दोन वर्षं चालणारा कॅमेरा कोणाला मिळाला तर मलाही एक पाठवा. हां, स्वस्तातल्या ॲपमधून खिडकी कधी उघडली-मिटली ती नोंद कंपनीच्या सर्व्हरवर जाते, हे खरं आहे आणि मलाही ते आवडत नाही. नोंदी घरातच ठेवणारे हब मिळतात, ते घ्यावेत.

पेसमेकरबद्दल बोलणं भाग आहे, कारण मावशीची झोप त्यानेच उडाली. चुंबक पेसमेकरच्या अगदी जवळ आला तर त्याचं काम बदलतं, हे खरं. पण ‘बंद पडतो’ हे खोटं. साधारणपणे तो हृदयाचे ठोके न बघता ठरावीक गतीने चालायला लागतो, आणि चुंबक दूर केला की मूळपदावर येतो. तपासणीत डॉक्टर मुद्दाम चुंबक ठेवूनही बघतात. (छातीत शॉक देणारं यंत्र असेल तर गोष्ट वेगळी. चुंबकाने त्याचं शॉक देणंच थांबू शकतं, तिथे जास्त जपायला हवं.) अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२१ मध्ये चुंबक असलेल्या फोन-घड्याळांसाठी अंतर सांगितलं ते सहा इंच. बेडरूमच्या खिडकीपासून काकांची कॉट सहा फुटांवर आहे. कांडी शर्टाच्या खिशात ठेवू नका, एवढं सांगितलं असतं तरी पुरलं असतं.

गॅरेजचा मुद्दा वाचून कळलं की हे सगळं अमेरिकेतून उचललंय. तिथे गॅरेजचा दरवाजा मोटरने वर सरकून छताशी आडवा होतो, आणि त्यावर बसवायचा सेन्सर बहुधा कल ओळखणारा असतो: फळी उभी म्हणजे बंद, आडवी म्हणजे उघडी. मावशीचं शटर हाताने ओढायचं, दोन्ही बाजूंना कुलपं. त्याला मोटरच नाही. लोखंडाने चुंबक गोंधळतो म्हणून खाली प्लास्टिकची पट्टी घालून मी कांडी लावली होती. रस्त्यावरून कोणी कसलंही मशीन दाखवलं तरी ते शटर तसूभर हलायचं नाही.

अमेरिकेत मात्र असं काही झालंय, आणि ते दडवून उपयोग नाही. २०२३ च्या एप्रिलमध्ये तिथल्या सायबर सुरक्षा संस्थेने, सिसाने, ‘नेक्स’ या कंपनीच्या गॅरेज कंट्रोलरबद्दल जाहीर इशारा दिला. आतला पासवर्ड सगळ्या यंत्रांना एकच होता, त्यामुळे लांबूनही परक्याचं गॅरेज उघडता येत होतं. पण तो कंट्रोलर, दार उघडणारा. सेन्सर फक्त ‘उघडलं’ म्हणून सांगतो. रखवालदार आणि किल्लीवाला यांत फरक आहे की नाही? उलट वेगळा सेन्सर असेल तर असं उघडलेलं दार कळतं तरी. सेन्सरचे निरोप जॅमरने अडवता येतात, हेही खरं. ४३३ मेगाहर्ट्झवाल्या अगदी स्वस्त सेन्सरमध्ये तर निरोप पोचला की नाही हे कळायची सोयच नसते. ते घेऊ नका.

आणि आता ‘बॅटरी फुटते, काढून बाहेर ठेवा’.

हा सेल चार्ज होत नाही, त्यामुळे रात्रभर चार्ज होऊन फुटण्याची फोनवाली गोष्ट इथे लागूच नाही. डबीत आहे तोवर तो निवांत पडून असतो. पण मावशीने फॉरवर्डचं ऐकलं. डब्या नखाने उघडल्या, सेल काढले आणि स्टीलच्या वाटीत घालून टीपॉयवर ठेवले. सुटे सेल धातूत एकमेकांना टेकून उगाच तापू शकतात, ते एक. खरी भीती दुसरीच. त्या टीपॉयभोवती वहिनींची नात रोज दुपारी खेळते. वय पावणेदोन.

वीस मिलिमीटरचा हा सेल लहान मुलाच्या अन्ननलिकेत अडकतो. तिथल्या ओलाव्यातून वीज वाहते, तीव्र अल्कली तयार होते आणि नळी आतून भाजत जाते. दोन तासांत गंभीर इजा होऊ शकते. ‘उतरलेला’ म्हणून टाकलेल्या सेलनेही होते. मूल कधी नुसतं लाळ गाळतं, जेवत नाही, एवढंच दिसतं. शंका आली तरी उलटी न काढता थेट एक्स-रे असलेल्या हॉस्पिटलात न्यायचं. अमेरिकेत रीस नावाची दीड वर्षाची मुलगी रिमोटमधला असा सेल गिळून २०२० च्या डिसेंबरमध्ये गेली. तिच्या नावाने २०२२ मध्ये तिथे कायदा झाला: ग्राहकोपयोगी वस्तूतल्या अशा सेलचं झाकण मुलाला सहज उघडता येता कामा नये, स्क्रू हवा किंवा दोन वेगवेगळ्या हालचाली. खेळण्यांना हा नियम आधीपासूनच होता.

हे मी वहिनींना फोनवर सांगत होते तेव्हा त्यांचा आवाज बदलला. “वाटीतले मोजा,” म्हटलं. “सहा आहेत.” मी सात सेन्सर लावले होते. पुढची दहा मिनिटं टीपॉयखाली, सतरंजीखाली, सोफ्याच्या फटीत शोधाशोध. नात काल तिकडे आली होती, आज अजून उठलीही नव्हती, हेसुद्धा कोणाला आठवेना. सातवा सेल शटरच्या डबीतच सापडला. त्या एकाच डबीच्या झाकणाला स्क्रू होता आणि मावशीकडे पेचकस नव्हता.

बाकीचे सेन्सर मी पुढच्या रविवारी जाऊन स्क्रूवाले लावले, उंचावर. बेडरूमचा मावशी लावू देत नाही. म्हणते, ह्यांचं मन घेत नाही. काका पेपरातून वर न बघता म्हणाले, “मला विचारलंय कोणी?”